कार्ड रिकामं झालं की पुढे काय?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. थोडक्यात तो असा: दोन क्रेडिट कार्डं, एक वैयक्तिक कर्ज, शिवाय फोन आणि लॅपटॉपचे हप्ते. सगळं मिळून पगाराचा निम्म्याहून जास्त भाग पहिल्याच आठवड्यात जातो. चार वर्षांत पगार दोनदा वाढला, कर्ज मात्र त्याहून वेगाने वाढलं. आता एका कर्ज देणाऱ्या कंपनीने सगळी देणी फेडून एकच मोठं कर्ज करून द्यायची तयारी दाखवली आहे आणि महिन्याचा हप्ता निम्म्यावर येईल असं सांगितलं आहे. ते घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय. आणि शेवटी एक ओळ लिहिली आहे: 'मी उधळ्या नाही, पण घेताना कळतच नाही.'

त्या ओळीपासूनच सुरुवात करते. मी गेली अठरा वर्षं कर्जात अडकलेल्या माणसांबरोबर बसून त्यांची देणी सोडवण्याचं काम करते आहे. माझ्यासमोर आलेल्यांत उधळे लोक फार थोडे होते. बहुतेक जण तुमच्यासारखेच. नोकरी धड, व्यसन नाही, जुगार नाही, डोळ्यांत भरेल अशी चैनही नाही. तरीही पगार झाल्यावर चार दिवसांत खात्यात जेमतेम घरखर्चापुरतं उरतं आणि महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात पुन्हा कार्ड बाहेर निघतं. तेव्हा आधी स्वतःला नालायक समजणं थांबवा. मी हे समजूत घालायला म्हणत नाही. शरमेने माणूस स्टेटमेंट उघडायचं टाळतो, आणि न उघडलेलं स्टेटमेंट उघडलेल्यापेक्षा महाग पडतं, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता पहिल्या भेटीत मी हेच बोलते.

आता तुमचा प्रश्न. मोठं कर्ज घ्यावं का, हा त्यातला सोपा भाग आहे, त्याचा हिशेब पुढे मांडते. अवघड भाग तुम्ही विचारलेला नाही. नव्या कर्जातून दोन्ही कार्डं फिटली की त्यांची मर्यादा, म्हणजे कार्डावर उधार घेता येणारी रक्कम, पूर्ण मोकळी होईल. त्या दिवशी आणि त्यानंतरच्या वर्षभरात ती कार्डं तुमच्या खिशात असतील का?

हे विचारायला मी एका चुकीतून शिकले. कामाला लागून तीन-चार वर्षं झाली होती. एक जोडपं आलं, दोघंही कमावती, चार कार्डं मर्यादेपर्यंत वापरलेली. मी व्यवस्थित तक्ता करून दिला, कमी व्याजाचं एकच कर्ज सुचवलं, त्यांनी घेतलं. हिशेबात काडीची चूक नव्हती. सव्वा वर्षाने दोघं परत आली. नवं कर्ज निम्मंही फिटलं नव्हतं आणि चारपैकी तीन कार्डं पुन्हा काठोकाठ भरली होती. म्हणजे आधी होतं त्याच्या जवळपास दीडपट कर्ज. बाई म्हणाल्या, 'कार्ड शून्यावर आलेलं पाहिलं ना, तेव्हा पहिल्यांदा वाटलं की आता आपल्याकडे पैसे आहेत.' ते वाक्य मी विसरलेले नाही. मर्यादा म्हणजे दुसऱ्याचे पैसे, हे त्यांना माहीत होतं. पण मोकळी मर्यादा शिल्लक रकमेसारखी दिसते, आणि ती भावना माहितीपेक्षा जोरदार असते. मी व्याजाचा हिशेब केला होता, त्या भावनेचा केला नव्हता.

तुम्ही म्हणता ते 'घेताना कळत नाही' हेसुद्धा याच जातीचं आहे. खिशातून नोट काढून देताना हात थोडा आखडतो. तो आखडणं हाच आपला लगाम असतो. उधारीवर वस्तू आज हातात येते आणि पैसे जातात महिन्या-दीड महिन्याने, इतर चाळीस-पन्नास खर्चांच्या गर्दीत, एकाच आकड्यात मिसळून. देण्याची कळ आणि घेण्याचा आनंद यांची ताटातूट होते. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या ड्राझेन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांनी २००१ मध्ये यावरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. व्यवस्थापन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना त्यांनी बास्केटबॉल सामन्याच्या तिकिटांसाठी बोली लावायला सांगितली. काहींना पैसे रोख द्यायचे होते, काहींना कार्डाने. तिकिटं तीच, सामना तोच. कार्डवाल्यांची सरासरी बोली रोखवाल्यांच्या दुपटीहून जास्त निघाली. आणि ही मुलं पैशाचा व्यवहारच शिकत होती. तेव्हा 'मला हिशेब कळतो, मी सावध राहीन' या भरवशावर कोणीच राहू नये, मीसुद्धा राहत नाही.

माझ्याकडे येणाऱ्यांना मी सहा महिन्यांची स्टेटमेंटं छापून आणायला सांगते. मोबाइलवर चालत नाही. पडद्यावर बोट फिरतं आणि नजर घसरते, कागदावर थांबता येतं. मग हातात पेन्सिल देते आणि सांगते, प्रत्येक ओळीसमोर खूण करा. वस्तू अजून वापरात असेल तर बरोबरची, संपली किंवा पडून असेल तर गोल, आठवतच नसेल तर प्रश्नचिन्ह. एका गृहस्थांच्या बाबतीत पहिल्या पानावर बरोबरच्या खुणा चार आणि प्रश्नचिन्हं अकरा आली. दुसऱ्या पानावर त्यांची पेन्सिल एका हप्त्याच्या ओळीवर अडली. तो फोनचा हप्ता होता. समोर टेबलावर ठेवलेला फोन तो नव्हता. हप्त्याचा फोन पडून फुटला होता, घरी खणात होता आणि त्याचे सात हप्ते बाकी होते. टेबलावरचा फोनही हप्त्यांवरच घेतलेला. त्यांनी त्या ओळीभोवती गोल काढला, परत गिरवला, कागद फाटेपर्यंत गिरवला. मी काहीच बोलले नाही. त्या दिवशी मी जे काही सांगितलं असतं त्याहून त्या गोलाने जास्त काम केलं.

तुम्ही हे आज घरी करू शकता. सल्लागार लागत नाही. पण कर्ज घ्यायच्या आधी करा, नंतर नको.

आता आकड्यांकडे वळू. व्याजदर देशागणिक आणि बँकेगणिक बदलतात, म्हणून तुमचा दर तुमच्या स्टेटमेंटवर बघा. उदाहरणापुरता मी महिना ३ टक्के धरते, कार्डाची बाकी १०० धरते, चलन कोणतंही असो. महिना ३ टक्के कानाला किरकोळ लागतं. चक्रवाढीने ते वर्षाला ४२ टक्क्यांच्या वर जातं. काहीच न भरता रक्कम दुप्पट व्हायला किती वेळ लागेल हे काढायची जुनी युक्ती म्हणजे ७२ ला व्याजदराने भागणे. इटलीतल्या लुका पाचोली या गणितज्ञाने १४९४ मध्ये ती छापून ठेवली आहे. ७२ भागिले ३, म्हणजे २४ महिने. दोन वर्षांत दुप्पट.

तुम्ही लिहिलंय की दोन्ही कार्डांवर 'निदान मिनिमम तरी नियमित भरतो'. कळीचा मुद्दा हाच आहे, म्हणून इथे थोडी थांबते. किमान देय रक्कम, म्हणजे या महिन्यात निदान एवढे तरी भरा म्हणून बँक मागते ती, बाकीच्या ५ टक्के आहे असं धरू. पहिल्या महिन्यात १०० वर ३ व्याज लागलं, तुम्ही ५ भरले, बाकी राहिली ९८. पुढच्या महिन्यात ९८ च्या ५ टक्के, म्हणजे ४.९० भरायचे. बाकी कमी झाली की किमान रक्कमही कमी होते, म्हणजे फेडीचा वेग दर महिन्याला आपोआप मंदावत जातो. नवी एकही खरेदी न करता बाकी निम्मी व्हायला ३४ महिने लागतात. तोवर तुम्ही एकूण १२५ भरलेले असतात आणि ५० अजून बाकी असतात.

आता तोच माणूस, तेच कार्ड, तोच दर. फरक एवढाच की पहिल्या महिन्यात भरले तेच ५ त्याने दर महिन्याला भरत ठेवले, बँकेने कमी मागितले तरी ५ च दिले. ३१ महिन्यांत बाकी शून्य. एकूण भरणा १५५. हे मी लोकांसमोर कॅल्क्युलेटरवर करून दाखवते, कारण तोंडी सांगितलं तर विश्वास बसत नाही. पहिल्या दिवशी दोघांच्या खिशाला बसलेली झळ अगदी सारखी होती. आणि दरमहा ८ भरता आले तर सोळाव्या महिन्यात सुटका.

किमान रकमेचा आकडा नुसता छापलेला असला तरी माणूस कमी भरतो, हे वॉरिक विद्यापीठातल्या नील स्ट्यूअर्ट यांनी २००९ मध्ये दाखवलं. नजर त्या आकड्यापाशी रुतते आणि आपण तिथून मोजायला लागतो: किमान एवढे मागतात, मी त्याहून थोडे जास्त देतोय, म्हणजे ठीक चाललंय. त्याच वर्षी अमेरिकेत कायदा झाला की नुसती किमान रक्कम भरली तर कर्ज फिटायला किती काळ लागेल आणि तीन वर्षांत फेडायचं तर दरमहा किती भरावे लागतील, हे दोन्ही आकडे स्टेटमेंटवर छापावेत. तुमच्या स्टेटमेंटवर असा आकडा नसेल तर स्वतः काढा आणि पेनाने वर लिहून ठेवा. किमान रकमेवर काट मारा.

आणखी एक गोष्ट बहुतेकांना कोणी सांगितलेली नसते. खरेदीपासून बिल भरेपर्यंतची बिनव्याजी मुदत मिळते ती मागचं बिल पूर्ण भरणाऱ्याला. बाकी पुढे ओढली की साधारणपणे ती मुदत जाते आणि नव्या खरेदीवर खरेदीच्या दिवसापासूनच व्याज चालू होतं. म्हणजे बाकी असलेल्या कार्डावर तुम्ही आज पेट्रोल भरलं तर त्या पेट्रोललाही आजपासूनच व्याज लागतं. कार्डाने रोकड काढली तर बिनव्याजी मुदत एरवीही नसते, वर शुल्क वेगळं. दोन कार्डांपैकी एकाने दुसऱ्याचं भरत असाल, याची टोपी त्याला असं चाललं असेल, तर ते या क्षणी थांबवा.

इतिहासातली एक गोष्ट मी मुद्दाम सांगते, कारण कार्डाकडे बघायची नजर तिने बदलते. १९५० मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेलं डायनर्स क्लबचं कार्ड महिन्याचं बिल पूर्ण मागायचं. उरलेलं पुढच्या महिन्यात, ही सोय त्यात नव्हती. १९५८ मध्ये बँक ऑफ अमेरिकाने कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो शहरात सुमारे ६०,००० लोकांना, त्यांनी न मागता, टपालाने कार्डं पाठवली. या कार्डावर बाकी पुढे नेता येत होती, अर्थात व्याजासकट. न मागितलेली कार्डं अशी पाठवण्यावर अमेरिकेत १९७० मध्ये बंदी आली, पण बाकी पुढे ओढण्याची सोय जगभर पसरली आणि धंदा त्या सोयीवर उभा राहिला. म्हणून माझा नियम असा: कार्ड वापरायचंच असेल तर १९५० च्या कार्डासारखं वापरा. ते जमत नसेल तर वापरूच नका. यात मधला मार्ग मी अनेकांना काढून दिला होता. तो फार थोड्यांना मानवला.

आता तुमच्या मोठ्या कर्जाबद्दल. समजा त्याचा दर कार्डाच्या निम्मा आहे, महिना दीड टक्का. मुदत पाच वर्षं. शंभराच्या कर्जाला दरमहा साधारण २.५४ हप्ता पडेल. ऐकायला छान, तुम्ही सध्या भरताय त्याच्या निम्मा. साठ हप्त्यांची बेरीज करा: सुमारे १५२. आणि मघाच्या माणसाने महाग कार्डावरच दरमहा ५ भरून ३१ महिन्यांत सगळं संपवलं तेव्हा त्याचे गेले १५५. दर निम्मा होऊनही जवळजवळ तेवढेच पैसे, आणि अडीच वर्षं जास्त देणेकरी. स्वस्त दराचा सगळा फायदा लांबलेल्या मुदतीने खाऊन टाकला.

पण हेच स्वस्त कर्ज घेऊन दरमहा ५ भरले तर? २४ महिन्यांत मोकळे, एकूण १२०. इथे खरी बचत आहे. तेव्हा मोठं कर्ज वाईट आहे असं मी म्हणत नाही. 'हप्ता निम्मा' या शब्दांवर ते घेतलं तर वाईट, 'हप्ता तोच, मुदत छोटी' अशा पद्धतीने घेतलं तर चांगलं. कंपनीला एवढंच विचारा: मी आत्ता जेवढे भरतो तेवढेच भरत राहिलो तर कर्ज किती महिन्यांत संपेल, आणि पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत माझ्या खिशातून एकूण किती जातील? प्रक्रिया शुल्क, विमा, मुदतीआधी फेडल्यास दंड, हे सगळं त्या एकूण आकड्यात धरून लेखी मागा. लेखी द्यायला टाळाटाळ झाली तर उठून या.

दर सांगताना तो घटत्या शिलकीवर, म्हणजे फेडून उरलेल्या मुद्दलावर आहे, की सरसकट मूळ रकमेवर, हेही विचारा. वर्षाला १२ टक्के सरसकट असं सांगून वर्षभराचं कर्ज दिलं, तर घटत्या शिलकीवर त्याचा खरा दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो, कारण मुद्दल दर महिन्याला कमी होत असतं आणि व्याज मात्र पूर्ण रकमेवरच आकारलेलं असतं.

आणि त्या कर्जासाठी घर तारण ठेवायला सांगत असतील तर माझं उत्तर जवळपास नेहमीच नाही असं असतं. कार्डाचं कर्ज थकलं तर फोन येतात, नोंद खराब होते, मनस्ताप होतो. तारण कर्ज थकलं तर छप्पर जातं. शूज आणि फोनचं देणं घराच्या भिंतींवर चढवू नका. भाऊ किंवा मित्राला जामीन ठेवण्याचंही तसंच आहे. तुमचं ओझं हलकं होत नाही, फक्त त्याखाली आणखी एक माणूस येतो.

कर्ज घेतलंत, तर ज्या आठवड्यात त्यातून कार्डं फिटतील त्याच आठवड्यात निदान एक कार्ड लेखी अर्ज देऊन बंद करा. कापून टाकलं, खणात ठेवलं, याने भागत नाही, नंबर फोनमध्ये जतन असतो. दुसऱ्याची मर्यादा तुमच्या महिन्याच्या घरखर्चाच्या पावपट एवढी खाली आणून घ्या. बँक बहुधा 'राहू द्या ना, अडीअडचणीला उपयोगी पडेल' म्हणेल. माझ्या त्या जोडप्यालाही हेच सांगितलं गेलं होतं. जुनं कार्ड बंद केल्याने पतनोंदीचा गुणांक, म्हणजे क्रेडिट स्कोअर, थोडा खाली येऊ शकतो, हे खरं आहे. तुमच्या आजच्या अवस्थेत तो गुणांक वाचवण्यापेक्षा दार बंद होणं महत्त्वाचं, असं माझं ठाम मत आहे. पुढच्या दोन वर्षांत तुम्हाला घरकर्ज काढायचं असेल तर मात्र क्रम बदलावा लागेल, ते कळवा.

अडीअडचणीचा मुद्दा पूर्ण खोटा नाही. म्हणूनच फेड जोरात सुरू करण्याआधी मी लोकांना थोडी रोख बाजूला काढायला लावते, साधारण दोन-तीन आठवड्यांच्या घरखर्चाएवढी. यावर लोक वाद घालतात: कार्डावर ३ टक्के जात असताना बचत खात्यात पैसे का ठेवायचे? हिशेबाने त्यांचं बरोबर आहे. पण गाडी बिघडते, दात दुखतो, आणि त्या दिवशी हाताशी रोकड नसेल तर कार्ड पुन्हा उघडतं. एकदा उघडलं की 'आता उघडलंच आहे तर' सुरू होतं. ती छोटी रक्कम हा त्या दारावरचा अडसर आहे, तिच्यावर व्याज किती मिळतं याला महत्त्व नाही.

कोणतं देणं आधी फेडायचं, याचं पुस्तकी उत्तर सरळ आहे: सगळ्यांवर किमान भरा आणि उरलेला जोर सर्वांत जास्त व्याजाच्या देण्यावर लावा. पण डेव्हिड गॅल आणि ब्लेकली मॅकशेन यांनी २०१२ मध्ये कर्ज फेडणाऱ्या लोकांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा ज्यांची खाती एकेक करून बंद होत गेली ते शेवटपर्यंत टिकण्याची शक्यता जास्त दिसली, रक्कम लहान असली तरी. माझा अनुभवही तसाच आहे. एक खातं पूर्ण बंद झालं की माणूस सरळ बसायला लागतो. म्हणून दोन-तीन महिन्यांत संपेल असं एखादं छोटं देणं असेल तर मी ते आधी संपवायला सांगते, मग व्याजाच्या क्रमाने. तुमच्या बाबतीत लॅपटॉपचे तीनच हप्ते उरलेत असं दिसतंय. ते होऊ द्या आणि त्या हप्त्याची रक्कम चौथ्या महिन्यापासून जशीच्या तशी महाग कार्डावर वळवा. मोकळा झालेला हप्ता खर्चात मिसळू देऊ नका, तो एकदा मिसळला की सापडत नाही.

'बिनव्याजी हप्ते' म्हणून जे मिळतं त्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण तुमच्या दोन्ही वस्तू तशाच घेतलेल्या असणार. समजा वस्तू १०० ला आहे आणि रोख दिले तर ९२ ला मिळते. सहा हप्त्यांत १०० भरणाऱ्याने खरं तर ९२ चं कर्ज घेतलेलं असतं. त्याचा दर काढला तर वर्षाला २९ टक्क्यांच्या आसपास येतो. व्याज गेलेलं नसतं, ते न मिळालेल्या सवलतीत लपलेलं असतं. रोख भाव विचारायची सवय लावा. आणि कोणी 'महिन्याला फक्त एवढे' म्हणालं की तो आकडा महिन्यांनी गुणून मोठ्याने स्वतःशी म्हणा. दुकानात उभं राहून हे करणं अवघडल्यासारखं वाटतं. वाटू दे.

मोहाचं काय, हे सगळेच शेवटी विचारतात. निग्रह करा असं मी सांगत नाही, निग्रह रात्री साडेदहाला थकलेला असतो आणि खरेदी बहुतेक तेव्हाच होते. अंतर वाढवा, एवढंच सांगते. सगळ्या ॲपमधून जतन केलेले कार्ड नंबर काढून टाका. सूचना बंद करा. घ्यायची वस्तू कागदावर तारखेसह लिहा आणि पुढच्या पगारापर्यंत थांबा. यादीतलं बरंचसं महिन्याभरात आपोआप खोडलं जातं, जे उरतं ते घ्या आणि मनात टोचणी ठेवू नका. किरकोळ खर्चासाठी आठवड्याची रक्कम वेगळ्या खात्यात टाका आणि ती संपली की आठवडा संपला. कर्जाचे हप्ते शेवटच्या तारखेला न भरता पगाराच्या दिवशीच भरा, म्हणजे खात्यात जे दिसेल ते खरोखर तुमचं असेल.

हे सगळं मी एक गोष्ट गृहीत धरून लिहिलंय: तुमचा पगार नियमित आहे आणि घरखर्च भागवून व्याजापेक्षा जास्त भरण्याइतकं उरतं. तसं नसेल तर उत्तर पार बदलतं. कर्जाचं मूळ आजारपणात किंवा गेलेल्या नोकरीत असेल, किंवा व्याज भरून मुद्दलाला हातच लागत नसेल, तर पेन्सिल आणि याद्यांनी काही होणार नाही. अशा वेळी हप्ता चुकायच्या आधी बँकेशी लेखी बोलायचं, मुदतवाढ किंवा व्याजकपात मागायची, आणि तेही होत नसेल तर तुमच्या देशातल्या दिवाळखोरीच्या कायद्याची माहिती घ्यायची. हप्ता चुकण्याआधी गेलेल्या माणसाचं ऐकून घेतलं जातं, सहा महिने फोन न उचलणाऱ्याचं प्रकरण तोवर वसुलीवाल्यांकडे गेलेलं असतं. थोडक्या रकमेत तडजोड करून कर्ज मिटवण्याचा मार्गही असतो, पण त्याची नोंद वर्षानुवर्षं राहते. तो पहिल्या झटक्यात धरायचा नाही.

राहिला तुमच्या पत्नीचा विषय. तुम्ही लिहिलंय की वैयक्तिक कर्ज तिला माहीत आहे, दुसरं कार्ड नाही. तिला सांगा. मी हे नीतीच्या अंगाने म्हणत नाही, तो तुमच्या दोघांचा प्रश्न आहे. पण ज्या घरात एका माणसाला आकडा माहीत नसतो तिथे कोणतीच योजना तीन महिन्यांवर टिकलेली मी पाहिली नाही. एक जण काटकसर करतो, दुसऱ्याला कारण कळत नाही, मग भांडण टाळायला पुन्हा कार्ड निघतं. सांगताना माफीपासून सुरुवात करू नका, कागदापासून करा. सगळी देणी एका पानावर: कोणाचं, किती बाकी, दर किती, महिन्याला किती. खाली बेरीज. ती रागावेल, कदाचित दोन दिवस बोलणार नाही. माझ्याकडे आलेल्या बहुतेक जोडप्यांत रकमेपेक्षा लपवल्याचा राग मोठा होता, आणि लपवणं जितकं लांबलं तितका तो वाढत गेला होता.

ते पान तयार झालं की त्यातले तीन आकडे मला कळवा: महाग कार्डाची बाकी आणि मासिक दर, नव्या कर्जाची लेखी एकूण परतफेड, आणि सगळी देणी व घरखर्च वजा जाता महिन्याला खरोखर किती उरतात. तिसरा आकडा अंदाजाने देऊ नका, मागच्या तीन महिन्यांच्या स्टेटमेंटवरून काढा. तुमचं नवं कर्ज २४ महिन्यांच्या बाजूचं आहे की ६० च्या, हे त्यावरून मी तुम्हाला नक्की सांगू शकेन.